चौथं वर्ष कुणी घ्यावं?

बीए, बीएस्सी, बीकॉमच्या चौथ्या वर्षाबद्दल, म्हणजे ऑनर्सबद्दल, वाचकांची बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात सगळे सांगतात की डिग्री आता चार वर्षांची झाली. तीन वर्षांत लेकराला डिग्री मिळणारच नाही का? ऑनर्स केलं नाही तर एमएस्सी बंद होते का? (एक पालक, औसा)

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. सहा सत्रं पूर्ण केली की पदवी मिळते, पूर्वी मिळायची तशीच. नव्या शैक्षणिक धोरणाच्या महाराष्ट्रातल्या ढाच्यात त्यासाठी १२० ते १३२ क्रेडिट लागतात (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवर ठरलेलं पेपरचं वजन). सातवं आणि आठवं सत्र केलं की एकूण १६० ते १७६ क्रेडिट होतात आणि पदवीपुढे 'ऑनर्स' लागतं. चौथं वर्ष ऐच्छिक आहे, ते घेण्याची सक्ती कुणालाही करता येत नाही.

एमएस्सीचा हिशेब असा. तीन वर्षांची पदवी घेतली तर एमएस्सी दोन वर्षांची. चार वर्षांचं ऑनर्स केलं तर एमएस्सी एका वर्षाची. दोन्हीकडे बेरीज पाचच वर्षं. फरक पडतो तो मध्येच थांबावं लागलं तर. चार वर्षांनी थांबलेल्या ऑनर्सवाल्याच्या हाती ऑनर्सची पदवी असते. तीन वर्षांनी पदवी घेऊन एमएस्सीचं एक वर्ष करून थांबणाऱ्याच्या हाती साधी पदवी आणि पदव्युत्तर पदविका असते.

मुलीला राज्यसेवा किंवा तलाठी भरतीची तयारी करायची असेल किंवा बीएड करायचं असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. बीएडला पदवीचे किंवा पदव्युत्तर परीक्षेचे ५० टक्के गुण बघतात (राखीव प्रवर्गाला सवलत आहे) आणि सीईटी द्यावी लागते. तिथे ऑनर्सची अट नाही. अशा मुलीनं केवळ 'चार वर्षांची डिग्री भारी दिसते' म्हणून खोलीभाडं आणि मेसचं आणखी एक वर्ष अंगावर घेऊ नये, असं आमचं मत आहे. संशोधनाकडे जायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. ऑनर्ससाठी वेगळा फॉर्म असतो का? त्यासाठी सीईटी द्यावी लागते का? (विद्यार्थिनी, सेलू)

नाही. साध्या बीए, बीएस्सी, बीकॉमला नेहमीसारखा प्रवेश घ्यायचा. तीन वर्षांवर थांबायचं की चौथ्याला जायचं, हा निर्णय सहाव्या सत्राच्या शेवटी होतो. बीबीए, बीसीएचं मात्र बदललं आहे. २०२४-२५ पासून त्या प्रवेशांसाठी राज्याची सीईटी आहे.

एवढं लक्षात ठेवा की मेजर, म्हणजे मुख्य विषय बदलण्याची सोय पहिल्या वर्षाच्या शेवटी असते. ऑनर्स ज्या विषयात होतं तो हाच मेजर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ढाच्यात एकूण क्रेडिटपैकी निम्मी मेजरमधली असावी लागतात, म्हणजे १६० पैकी किमान ८०. त्यामुळे 'मैत्रिणीनं रसायनशास्त्र घेतलं म्हणून मीही' असला निर्णय चार वर्षं पुरतो.

प्रश्न : बीएस्सीचं पाचवं सत्र झालं. 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं आहे. ७५ टक्क्यांची अट आहे म्हणतात, ती कुठल्या गुणांवर मोजतात? माझं सरासरी काढून ७.४ येतं. (विद्यार्थी, उदगीर)

आधी दोन नावांतला फरक. चौथ्या वर्षात दोन वाटा आहेत. साधं ऑनर्स म्हणजे जास्तीचे पेपर आणि आठव्या सत्रात ४ क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी. ऑनर्स विथ रिसर्चमध्ये सातव्या सत्रात ४ आणि आठव्या सत्रात ८, असा १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर दोघांनाही आहे. आयोगाची ७५ टक्क्यांची अट फक्त दुसऱ्या वाटेला आहे आणि ती पहिल्या सहाही सत्रांच्या एकत्रित निकालावर मोजतात. फक्त मेजरच्या किंवा फक्त तिसऱ्या वर्षाच्या गुणांवर नाही.

आता तुमचा हिशेब. एसजीपीए, म्हणजे एका सत्राची सरासरी, काढताना प्रत्येक पेपरचं क्रेडिट त्याच्या श्रेणीगुणानं गुणतात (ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पास ४, नापास शून्य), सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटनं भागतात. समजा दर सत्राला २२ क्रेडिट आहेत आणि पाच सत्रांत गुणाकारांची बेरीज अनुक्रमे १५०, १५६, १६३, १७४, १६९ अशी आहे. एकूण ८१२. भागिले ११० म्हणजे ७.३८, जवळपास तुमच्याइतकं. विद्यापीठानं ७५ टक्क्यांना ७.५ सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) समकक्ष धरलं असेल, तर सहा सत्रांच्या १३२ क्रेडिटवर ९९० गुण हवेत. सहाव्या सत्रात १७८ मिळवावे लागतील, म्हणजे त्या सत्राचा एसजीपीए ८.०९.

समजा त्या सत्रात नेमके ८.०० मिळाले, १७६. एकूण ९८८ झाले. सीजीपीए ७.४८. रिसर्चची वाट बंद, दोन गुणांनी. हे दोन गुण म्हणजे दोन क्रेडिटच्या एका पेपरात फक्त एक श्रेणी वर. पोरं ज्यांना 'किरकोळ' म्हणतात ते मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण, एनएसएस असे पेपर दोन-दोन क्रेडिटचे असतात. पहिल्या सत्रात त्यांची असाइनमेंट वेळेत न दिल्यानं बी मिळतो. त्याचा फटका तीन वर्षांनी कळतो, आणि तेव्हा तो भरून काढायची सोय नसते.

नापास झालेला पेपरही असाच चावतो. चार क्रेडिटच्या पेपरला बी प्लसऐवजी शून्य म्हणजे २८ गुण गेले. २२ क्रेडिटच्या सत्रात एसजीपीए १.२७ नं खाली येतो. पेपर सुटल्यावर गुण जमा होतात, पण सहाव्या सत्राचा निकाल लागेपर्यंत तो सुटलेला असला पाहिजे. नाहीतर पदवीची क्रेडिटच पूर्ण होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. ७.५ सीजीपीए म्हणजे आपोआप ७५ टक्के असं समजू नका. काही ठिकाणी सीजीपीएला १० नं गुणतात, काही ठिकाणी आधी ०.७५ वजा करून मग १० नं गुणतात. दुसऱ्या पद्धतीनं ७.५ चे ६७.५ टक्केच होतात. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतं. त्याची प्रत काढून ठेवा, बाहेरच्या विद्यापीठात अर्ज करताना ती मागतात.

प्रश्न : आमचं कॉलेज लहान आहे, पीजी नाही. चौथं वर्ष इथेच होईल का? नाही झालं तर काय? (विद्यार्थी, किनवट)

आधी साल बघा. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत नवा ढाचा २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना २०२४-२५ पासून लागू झाला. म्हणजे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्थांची मुलं आधी चौथ्या वर्षाला पोचतात. तुमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांतल्या पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष सहाही सत्रं वेळेत झाली तर २०२७-२८ ला येतं.

रिसर्चच्या वाटेसाठी आयोगानं विभागालाही अटी घातल्या आहेत. पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक, ग्रंथालय, नियतकालिकं वाचण्याची सोय, संगणक आणि विषयाला लागेल ती प्रयोगशाळा. पीएचडी केंद्र म्हणून आधीच मान्यता असलेल्या विभागाला हे सोपं जातं. ज्या विभागात एक कायम प्राध्यापक आणि बाकी सगळे तासिका तत्त्वावर, तिथे ऑनर्स विथ रिसर्च उभं राहणं अवघड. विभागप्रमुखांना विचारताना 'चौथं वर्ष आहे का' असं मोघम विचारू नका. कुठल्या विषयात, दोन्हींपैकी कुठल्या वाटेचं, मान्यता कुठल्या वर्षापासून, जागा किती, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमच्याकडे नसेल तर सहाव्या सत्रानंतर दुसरीकडे जावं लागेल. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली जिल्ह्यांत, कॉलेज बदललं तर टीसी आणि गुणपत्रिकांवर भागतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. तिकडे जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि नव्या विद्यापीठाची पात्रता, ज्याला सगळे एलिजिबिलिटी म्हणतात, तीही लागते. इथे मुलं एक चूक करतात. टीसी काढतात आणि मायग्रेशन प्रवेशानंतर बघू म्हणतात. एलिजिबिलिटी अडकली की पुढे परीक्षा अर्ज अडकतो. मायग्रेशनचा अर्ज सहाव्या सत्राचा निकाल लागल्याच्या आठवड्यातच टाका. पाच सत्रांच्या गुणपत्रिका आधीच हातात घ्या. दुसऱ्या सत्राची गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात आणि विद्यार्थी प्रवेशाच्या रांगेत, असं दरवर्षी होतं.

याला आणखी एक उपाय आहे, आणि लहान कॉलेजच्या मुलांसाठी बहुधा तोच शहाणपणाचा ठरतो. तीन वर्षांची पदवी घ्या आणि विद्यापीठ परिसरातल्या विभागात दोन वर्षांच्या पीजीला जा. ऑनर्ससाठी एका वर्षापुरतं गाव बदलायचं आणि पीजीला पुन्हा बदलायचं, यात पैसा आणि जीव दोन्ही जातात.

प्रश्न : भूगोलात रिसर्च घ्यायचं ठरवलं आहे. विषय 'मराठवाड्यातील पाणीटंचाई' असा विचार आहे. चालेल का? (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

चालणार नाही. हा विषय दोन सत्रांत मावत नाही. १२ क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाच्या मापानं, एका क्रेडिटला ३० तास धरले तर, ३६० तासांचं काम. त्यात आठ जिल्हे बसत नाहीत. एक गाव बसतं. उदाहरणार्थ 'अमुक गावातल्या ३० विहिरींची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची पाणीपातळी'.

पण इथेच एक फसगत आहे. सातवं सत्र सुरू होतं जूनच्या शेवटाला किंवा जुलैत. पावसाळ्यापूर्वीची पातळी मोजायची ती मे महिन्यात, सत्राच्या आधी. जुलैत विषय मंजूर झाला आणि मग टेप घेऊन विहिरीवर गेलात तर अर्धा विषय तिथेच बुडाला. पुढचा मे येतो तेव्हा आठवं सत्र संपत आलेलं असतं. म्हणून सहाव्या सत्राची परीक्षा संपताच, प्रवेशाची वाट न बघता, मार्गदर्शकांशी बोलून मेमधली मापं घेऊन टाका. नंतरची मापं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची जुनी आकडेवारी तालुक्यासाठी मिळवली तर तुमचं एक वर्षाचं माप कुठे बसतं ते दाखवता येईल.

मोजताना टेपला वजन बांधून ते पाण्याला टेकेपर्यंत सोडा. कठड्याच्या वरून मोजलं असेल तर कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. एका विहिरीवर कठड्यावरून, दुसरीवर जमिनीवरून मोजलं तर तीस विहिरींचा तक्ता निरुपयोगी होतो. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर मोजू नका. आपल्या काळ्या पाषाणात विहीर सावकाश भरते. शेतीपंपाची वीज पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री असते. रात्रपाळी असेल तर सकाळची पातळी ओढलेली असते. मोटार बंद झाल्याची वेळ प्रत्येक नोंदीपुढे लिहा. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हेच विचारतात, आणि ज्यानं खरंच मोजलं आहे त्यालाच त्याचं उत्तर देता येतं.

प्रबंध लिहिताना साहित्यचोरीचं माप लक्षात असू द्या. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादरच करता येत नाही. त्यापुढे नोंदणी रद्द होते. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात, ते नेमके इथेच अडकतात.

प्रश्न : माझ्या अपार खात्यात दोनच सत्रांची क्रेडिट दिसतात, गुणपत्रिका मात्र चार सत्रांच्या आहेत. चौथ्या वर्षाला अडचण येईल का? (विद्यार्थी, पैठण)

येऊ शकते, म्हणून आत्ताच हलवा. अपार म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक; त्याच्या खात्यात क्रेडिट विद्यार्थी टाकत नाही, विद्यापीठ टाकतं. ती न दिसण्याची नेहमीची दोन कारणं आहेत. पहिलं, नाव. आपल्याकडे दहावीच्या सनदेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी; कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे 'राव' जोडलेलं. दुसरं, अपारचा बारा अंकी क्रमांक परीक्षा अर्जात चुकीचा भरलेला किंवा पहिल्या दोन सत्रांनंतर भरलाच नाही.

डिजिलॉकर उघडून तिथला क्रमांक आणि परीक्षा अर्जावरचा क्रमांक अंकाअंकानं ताडून बघा. क्रमांक जुळत असेल तर चारही गुणपत्रिकांच्या प्रती जोडून कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला अर्ज द्या आणि पोच घ्या. नाव चुकलं असेल तर आधार दहावीच्या सनदेप्रमाणे दुरुस्त करा, सनद आधारप्रमाणे नाही. नेट कॅफेवाल्यानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडून दिलं असेल तर ओटीपी त्याच्याकडेच जातो. आधी तो नंबर बदलून घ्या. ज्याचं कॅफे बंद पडलं त्याला शोधत फिरलेली मुलं कमी नाहीत.

प्रश्न : घरचे ऊसतोडीला जातात. दुसऱ्या वर्षानंतर मला एक-दोन वर्षं घर सांभाळावं लागेल. शिक्षण वाया जाईल का? (विद्यार्थिनी, धारूर)

वाया जात नाही, पण बाहेर पडण्याची रीत पाळा. नुसतं येणं बंद करू नका. चार सत्रं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदविका मिळते. त्यासाठी ८० ते ८८ क्रेडिट आणि शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. हे चार क्रेडिट उन्हाळ्यात करायचे असतात. त्यामुळे चौथ्या सत्रातच, मार्चमध्ये, विभागात सांगून ठेवा. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पहिल्या प्रवेशापासून एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. तुमची दोन वर्षं गेली, दोन वर्षं थांबलात, तरी पदवीचं उरलेलं एक वर्ष धरून पाच होतात. ऑनर्सचं एक वर्ष धरलं तर सहा. म्हणजे थांबणं तीन वर्षांवर गेलं तरी ऑनर्स धरून बरोबर सात होतात.

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवरचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम या काळात करता येईल. आधी कॉलेजकडून तो कुठल्या पेपराच्या जागी धरणार हे लेखी घ्या. न विचारता केलेल्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळतं, क्रेडिट मिळेलच असं नाही.

प्रश्न : ऑनर्सवर थेट पीएचडी मिळते का? नेट देता येते का? (विद्यार्थी, परभणी)

हो. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांत चार वर्षांच्या पदवीवर प्रवेशाची सोय आहे. अट आठही सत्रांत मिळून ७५ टक्के; अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत. त्या विनियमांत 'विथ रिसर्च' हे शब्द पात्रतेत नाहीत. पण मुलाखतीला बसलेल्या समितीपुढे प्रकल्प असलेल्याचं पारडं जड असतं. ७५ हुकले तर एक वर्षाचं पीजी ५५ टक्क्यांनी करून तोच दरवाजा पुन्हा उघडतो.

नेट, म्हणजे प्राध्यापकपद आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीवर देता येते. मात्र सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी लागतेच.

प्रश्न : माझा मुलगा बीटेकला आहे. त्याच्या कॉलेजातही 'ऑनर्स' म्हणतात. ते हेच का? (एक पालक, जालना)

नाही, नाव एक, वस्तू दोन. बीटेक मुळातच चार वर्षांचं आहे. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात त्याच चार वर्षांत १८ ते २० क्रेडिट जादा केले की ऑनर्स लागतं. वर्ष वाढत नाही, पेपर वाढतात. मुलाची मुख्य विषयांतली गाडी रुळावर असेल तरच घेऊ द्या. बॅकलॉग असताना जादा पेपर अंगावर घेणं म्हणजे दोन्हीकडून हात पोळणं.